मावशीचा घोसाळ्याचा साबण

साबण चाटून बघणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. एकदा नाही, दर वर्षी माघ-फाल्गुनात पाहिली आहे. भिवंडीत टेमघरला आम्ही ज्या चाळीत राहायचो तिची ती मालकीण. दारात जुन्या लूमचा लाकडी बीम आडवा टाकलेला असायचा, त्यावर पाय सोडून बसायची. मांडीवर सूप, सुपात साबणाच्या वड्या. एकेक वडी उचलायची, जिभेच्या शेंड्याला लावायची आणि डोळे मिटायची. मग तोंड वाकडं करून म्हणायची, "चावतो गो अजून. निजू दे त्याला." वडी परत सुपात.

नवीन माणूस बघून हसायचं. त्यात हसण्यासारखं काही नाही बरं का. साबण कच्चा असला की त्यातला कॉस्टिक सोडा जिभेला चिमटा काढतो. पक्का झाला की काही वाटत नाही. तिच्याजवळ दुसरं माप नव्हतं, जीभ होती.

तिचं नाव मी इथे घेत नाही. चाळीत कोणीच घेत नव्हतं. आम्ही मावशी म्हणायचो, उत्तरेकडचे कारागीर मौसी म्हणायचे. उंच, काटकुळी, गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं आगरी पद्धतीचं लुगडं, दात मिश्रीने काळे. नवरा लवकर गेलेला. जवळच्या वळ गावात भावाची शेती होती, तिथून तांदूळ यायचा आणि आठ खोल्यांची ही चाळ, त्यावर तिचं आणि लेकीचं चालायचं. संडासाच्या मागच्या भिंतीवर घोसाळ्याचे वेल चढवलेले. पावसाळ्यात पिवळी फुलं, दिवाळीनंतर हिरवी घोसाळी वाळून खडखडीत, तपकिरी. हलवली की आत बिया वाजायच्या. साल काढली की राहते ती जाळी. आमच्या आयांनी, आज्यांनी त्या जाळीने अंग घासलंय, त्यात नवं काही नाही. मावशी त्या जाळीच्या चकत्या करून त्यात साबण ओतायची, म्हणजे साबण आणि घासणी एकातच. हे तिच्या डोक्यातून निघालेलं.

आम्ही आलो ते ऐंशी सालानंतर लगेचच. माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. आमचे हे लूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम ठोकून-पिटून चालू करणारा माणूस. मी नगरकडची. एस.टी.च्या धुळीने माखलेली, हातात पत्र्याची ट्रंक. मावशी बीमवर बसली होती. तिने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. म्हणाली, "हात दाखव."

मी दाखवले. तिने उलटे-सुलटे करून पाहिले.

"बेबी, हिला साबन दे."

आतून एक मुलगी आली. माझ्याच वयाची. डोक्यावरून पदर, भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं. तिने पुढे केलेली वडी मी घेतली तेव्हा तिची बोटं दिसली. नखापासून पांढरी, जशी दुधात बुडवून काढावी. मला वाटलं बिचारीला भाजलं असेल. मी वडी घेऊन नळावर बसले. धुवायचेच आहेत तर नीट धुवावे म्हणून हात धुतले, तोंड धुतलं, मान धुतली, टाचासुद्धा घासल्या.

"अगो, खोली बघाया आयलीस का आंघोलीला?" मावशी ओरडली. आणि कमरेची किल्ली काढून माझ्या ओल्या हातात ठेवली.

मला वाटलं ही इकडची रीत असेल, पाहुण्याला पाय धुवायला पाणी देतात तशी. ती परीक्षा होती हे मला कितीतरी दिवसांनी कळलं. बेबीच्या अंगावर कोड होतं. साबण बेबीने कापलेला, बेबीच्याच हातून द्यायचा. जो सरळ घेईल आणि धुवेल त्याला खोली. जो "नको, घरून धुवून आलोय" म्हणेल त्याला नाही.

त्या परीक्षेत नापास झालेले पुष्कळ. एक जण म्हणाला, "मौसी, मेरा हाथ तो साफ है." मावशी म्हणाली, "तेरा हात साफ हाय, मेरा खोली बी साफ हाय. तसाच ऱ्हाऊ दे. जा." आणखी एक आला, त्याने बेबीच्या हातून वडी घेतली, धुतलंही, आणि खोलीच्या लालचीने हात नाकाशी धरून म्हणाला, "वाह मौसी, क्या खुशबू है!" आता उग्र वासाच्या करंजेलाचा साबण तो, त्याला कसली खुशबू? आमचे हे तर म्हणायचे, आंघोळीनंतर मला मीच ओळखू येत नाही. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. "खोटा बोलता तू. खोली नय हाय." गेला बिचारा. पहिल्या खोलीत एक कोकणी मुसलमान बाई होती, घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. तिने वडी घेताना बेबीचा हातच धरून ठेवला होता आणि विचारलं होतं, "कसा बनवलास गो हा?" तिला मावशीने सगळ्यात चांगली, उजेडाची खोली दिली. भिवंडीत मधे वाईट दिवस आले, माणसं एकमेकांच्या गल्लीत जाईनात, तेव्हाही ती बाई त्या खोलीतून हलली नाही आणि मावशीने तिला हलू दिलं नाही. असो, तो विषय वेगळा.

बेबीचं सांगते. तिला कल्याणच्या रस्त्यावरच्या कोन गावात दिली होती. जमीनवाले लोक, घर चांगलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कोपराला पांढरा ठिपका आला, मग बोटांवर उतरला. सासूने आधी ताट वेगळं केलं, मग तांब्या वेगळा केला, मग अंथरूण पडवीत गेलं. नवरा? नवरा काही बोलला नाही. दिवाळीला तिला माहेरपणाला आणून सोडली आणि परत न्यायला कोणी आलंच नाही. सोडचिठ्ठी नाही, भांडण नाही. नुसतं न्यायला आले नाहीत. अशा बाईचं काय होतं माहीत आहे का? ती ना सासरची राहते, ना माहेरची होते. मंगळसूत्र गळ्यात, पण हळदीकुंकवाला कोणी बोलवत नाही.

आणि मावशीने मनाशी पक्कं केलं, हे न्यायला येतील. येतीलच. ते येईपर्यंत पोरीचं अंग पहिल्यासारखं झालं पाहिजे. तिचा सगळा साबण त्यातून जन्माला आला.

साबण करायचा दिवस असला की चाळीतल्या पोरांना मागच्या अंगणात बंदी. कॉस्टिक कापड रंगवायच्या डाईंगमधून यायचा, पांढऱ्या पापुद्र्यांचा. आमच्याच चाळीतला कोणी ना कोणी तिथे कामाला असे. मावशी इनॅमलच्या बादलीत पाणी घ्यायची, वाऱ्याकडे पाठ करून उभी राहायची, पदर नाकावर, आणि चिमूट-चिमूट कॉस्टिक सोडायची. थंड पाणी बघता बघता चुलीवर ठेवल्यासारखं वाफाळायचं. "पान्यात आग सोडायची," ती म्हणायची, "आगीत पानी न्हाय. आगीत पानी घातलंस का तोंडावर उडतंय." चाळीत नवरा-बायकोची जुंपली की हेच वाक्य ती त्या दोघांना ऐकवायची. त्यात आग कोण आणि पाणी कोण ते तिने कधी सांगितलं नाही.

एकदा बादली गळायला लागली म्हणून मी मोठ्या मनाने माझं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं दिलं. लग्नातलं, रुखवतातलं. मावशी वळला गेलेली आणि बेबीला मीच म्हटलं, आपण करू गं, त्यात काय. कॉस्टिक पडला मात्र, पातेलं सापासारखं फुस्कारायला लागलं. काळा फेस वर आला, खाली गेला, पुन्हा आला. आम्ही दोघी पळून नळापाशी उभ्या. निवल्यावर बघतो तर पातेल्याच्या बुडाची चाळण! मावशी आली, पातेलं उन्हात धरून त्यातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दिसतंय गो तुजा तोंड. बरा दिसतंय." पुढे कितीतरी दिवस कोणी माझ्या घरी जेवायला आलं की ती म्हणायची, भात कशात शिजवलाय ते बघा आधी.

तर ते कॉस्टिकचं पाणी निवून कोमट झालं की कोमट तेलात ओतायचं. खोबरेल, एरंडेल आणि वळहून आलेलं करंजेल. मग ढवळत राहायचं. हे काम बेबीचं. आईपेक्षा तिचा हात जास्त बसलेला होता. फणसाच्या लाकडाचा डाव, एकाच दिशेने, घाई नाही. पिठल्यासारखं दाट झालं, डाव उचलला आणि वर पडलेली रेघ मोडली नाही की झालं. पत्र्याच्या डब्यात चकत्या उभ्या करून त्यावर ओतायचं, गोणपाटात गुंडाळून एक रात्र ठेवायचं. दुसऱ्या दिवशी कापायचं. जाळीमुळे सुरी अडायची, बेबी ती करवतीसारखी चालवायची. प्रत्येक वडीत जाळीची नक्षी वेगळी. "बघ, ही तुजी," असं म्हणत ती मला एक बाजूला काढून ठेवायची. लूमचं काळं तेल बोटांच्या रेषांत बसतं, ते बाजारच्या साबणाने जात नाही. ह्या साबणाने जायचं. पहिल्यांदा ह्यांचे हात धुतल्यावर मला ह्यांच्या तळहातावरची रेषा दिसली. मी म्हटलं, अहो, तुमचं नशीब आत्ता दिसलं.

त्या साबणाच्या दोन जाती. एक चाळीसाठी. दुसरा फक्त बेबीसाठी, त्यात बावचीची पूड असायची. कोणीतरी सांगितलं होतं, बावचीने कोड जातं. त्या वड्या काळपट, खरखरीत, वेगळ्या मडक्यात.

दुपारी पहिल्या शिफ्टची माणसं ड्युटीवर, रातपाळीची झोपलेली, नळ मोकळा. तेव्हा मावशी बेबीला मागच्या मोरीत न्यायची. मोरीला दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा. माझी खोली शेवटची, भिंतीपलीकडे मोरी. चहूकडून लूमचा खडखडाट, पण तो आवाज मला त्यातूनही यायचा. खस, खस, खस. पातेलं घासावं तसा. आणि मावशीचं बोलणं, "हात वर कर. वलव मान. ऱ्हा जरा." बेबीचा आवाज कधीच नाही. नंतर तिला उन्हात बसवायची, बावचीला ऊन लागतं म्हणून. संध्याकाळी बेबी भाकऱ्या थापायला बसली की कोपरापासून लालबुंद. फोड यायचे, फुटायचे. फोड वाळला की मावशी तिचा हात उजेडाला धरून बघायची. "हितं जरा काला दिसतंय ना गो? बघ ना. तुला काय वाटतंय?" मला विचारायची. काय सांगणार? मी म्हणायची, बघू या, मावशी.

आणि डाग कमी होत नव्हते. ते मानेवर चढले, ओठाच्या कडेला आले.

शेवटी मीच मागे लागले. माझ्या मुलाला खरूज झाली होती, त्याला ठाण्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं, म्हटलं तुम्ही दोघी चला. मावशी नाही-होय करत आली. तिथे बाई डॉक्टर होती, तरुण, शांत. तिने बेबीला पडद्याआड नेऊन पाहिलं. बाहेर येऊन विचारलं, "काय लावता हिला? कशाने घासता?"

मावशीला केवढा आनंद! कोणीतरी विचारलं. तिने पिशवीतून फडक्यात बांधलेली वडी काढली आणि टेबलावर ठेवली. कसा केला, तेल कोणतं, बावची किती, सगळं सांगितलं. डॉक्टरणीने वडी जवळ ओढली. तिने वडीवरून अंगठा फिरवला, मग अंगठ्याकडे बघितलं.

"आजी," ती म्हणाली, "साबण चांगला केलाय तुम्ही. पण हिच्यासाठी नको. हिच्या कातडीला जिथे जिथे ओरखडा बसतो तिथे नवा डाग उठतो. घासणं आजपासून बंद. बावचीही बंद. हा आजार कोणाला लागत नाही. आणि घासून जातही नाही."

एस.टी.त मावशीने वडी पुन्हा फडक्यात बांधली. कळव्याच्या पुढे खाडी दिसायला लागली तेव्हा तिने माझ्याकडे वळून विचारलं, "त्या बाईला साबन बनवता येतो का गो?"

मी म्हटलं, "नसेल येत."

"मंग?" ती म्हणाली. तेवढंच.

तिने बावची बंद केली, फोड यायचे थांबले. घासणं मात्र बंद केलं नाही. वेलावरचं कोवळं, पुरतं न वाळलेलं घोसाळं निवडायला लागली, त्याची जाळी मऊ असते. ती रात्रभर पाण्यात भिजत घालायची. "आता मऊ हातानं घासतंय," मला सांगायची. भिंतीपलीकडून आवाज हलका झाला, पण यायचा. डॉक्टरणीने सांगितलेलं तिला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिला सगळं कळायचं. पण घासायचं थांबवायचं म्हणजे ते न्यायला येणार नाहीत, हे मान्य करायचं. ते तिला जमेना. बेबीने कधी तोंड उघडलं नाही. एकदा मी तिला नळावर विचारलं, तू सांगत का नाहीस आईला? ती कळशी डोक्यावर चढवताना म्हणाली, "तिला दुसरा काम काय हाय, वैनी?"

अशी वर्षं गेली. माझा मुलगा शाळेत जायला लागला, चाळीत रंगीत टीव्ही आला, वेल दर पावसाळ्यात चढले आणि दर थंडीत वाळले.

आणि मग एका शुक्रवारी ते आले.

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद. ज्याने तो खडखडाट रोज ऐकलाय त्यालाच शुक्रवारची शांतता कळेल. कुत्रं भुंकलं तरी दचकायला होतं. माणसं दारात खाटा टाकून बसलेली, बायका डोकी विंचरत होत्या. रिक्षा थांबली. एक म्हातारा उतरला, पांढरी टोपी, हातात काठी. मागून एक चाळिशीला टेकलेला माणूस, हातात मिठाईचा पुडा. कोणी सांगायची गरज पडली नाही. मावशी बीमवरून उठली ती उठलीच, लुगड्याला लागलेली धूळ झटकायचीही विसरली.

म्हातारा म्हणाला, "राम राम विहीनबाय. सूनबायला न्यायला आयलो."

म्हातारा सांगत राहिला, बायको अंथरुणाला खिळलीय, घरात करणारी बाई नाही, झालं गेलं सोडून द्यावं. ऐकता ऐकता मावशी भानावर आली. ती म्हणाली, "बोलू आपण. आदी हात धुवा. बेबी, साबन आन."

सगळी चाळ बघत होती. बेबी वडी घेऊन आली. म्हाताऱ्याने नुसत्या पाण्याखाली हात धरले आणि धोतराला पुसले. "घरून धुवून आयलो," म्हणाला. मावशीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती जावयाकडे बघत होती. तो जरा थांबला. मग त्याने मिठाईचा पुडा नळाजवळच्या बुटक्या भिंतीवर ठेवला, बेबीच्या हातातून वडी घेतली, घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. नळावर उकिडवा बसून त्याने हात धुतले. कोपरापर्यंत धुतले. सावकाश. माणूस वाईट नव्हता, मला तेव्हाही तसंच वाटलं, आजही वाटतं.

मावशी रडायलाच लागली. "घेतला. माज्या पोरीच्या हातातना घेतला," माझा दंड धरून मला सांगत होती, जसं काही मला दिसत नव्हतं. "चा टाक गो वैनी, चा टाक. साखर बक्कल घाल. मी हिची पिशवी भरतंय." तो ओल्या हातांनी उभा होता, तिने स्वतःचा पदर पुढे केला, त्याला पुसायला.

मी स्टोव्ह पेटवला. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

"आये, थांब," बेबी म्हणाली.

"थांबू कशाला? दिवस मावलायच्या आदी पोचला पायजे."

"मी न्हाय जायची."

मावशी हसली. तिला वाटलं पोरगी लाजते.

जावई खाली बघत म्हणाला, "मी तवा बी तुला काय बोललो न्हवतो."

"त्याच त," बेबी म्हणाली. "काय बोललाच न्हाईस. माजा ताट पडवीत गेला तवा बी न्हाय. तू हात धुतलास, बरा केलास. तुज्यावर माजा राग न्हाय. पन मी येत न्हाय."

म्हाताऱ्याने काठी आपटली. "हिची मिजास बघा. अंगाकडं बघ आदी आपल्या!"

एरवी ह्यावर मावशी त्याच्यावर उलटली असती, त्याला बाहेर काढलं असतं. पण तिला ते ऐकूच गेलं नसावं. ती लेकीजवळ गेली आणि विनवायला लागली. "असा करू नको गो. तो हात लावतंय तुला. बघितलंस ना? चाळीनं बघितला. आखी वर्सां मी ह्याच्यासाठी..."

"ह्याच्यासाठी काय?" बेबी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती कधीच मोठ्याने बोलायची नाही. "तू सगल्यांना हात धुवाया लावलास, आये. माज्या हातचा साबन कुनी घेतंय, कुनी न्हाय, बघत बसलीस. ज्यांनी न्हाय घेतला त्यांना हाकलून दिलास. आन् रोज दुपारी मना आत नेऊन तूच घासत होतीस. ती डाक्तरीन बोलली तरी घासत होतीस. कुनाला नको होता माजा अंग? यांना नको होता, ते सोडून गेले. तुला बी नको होता. तू सोडला न्हाईस, एवढाच."

चहा उतू गेला. मी स्टोव्ह बंद केला तरी हातात पकड धरून तशीच उभी.

ते दोघे गेले. जाताना जावई भिंतीवरचा पुडा उचलायला विसरला, का त्याने मुद्दाम ठेवला, ठाऊक नाही. रिक्षा वळेपर्यंत चाळीतलं कोणी हललं नाही. मग एकेक जण आत गेलं, दारं लोटली गेली. चाळीतल्या लोकांनी त्या दोघींसाठी तेवढं केलं.

पुढचं थोडक्यात सांगते. बेबी परत कधी कोनला गेली नाही. नंतर वळकडे गोडाऊन व्हायला लागली, तिथे ती माल भरायच्या कामाला लागली, अर्ध्या बाह्यांचं पोलकं घालून जायची. मावशी आणखी काही वर्षं होती. तिच्या शेवटच्या आजारापर्यंत आम्ही कल्याणला राहायला गेलो होतो, तिथून मी दोनदा भेटून आले. ओळखलं तिने. "हात दाखव," म्हणाली. पण ह्या सगळ्यापेक्षा मला तो शुक्रवारच आठवतो, ते लोक गेल्यानंतरचा.

संध्याकाळ झाली होती. मावशी बीमवर बसली होती. दिवा लावला नव्हता. मी चहाचा कप नेऊन तिच्याजवळ ठेवला, तो तिने हातात घेतला नाही, म्हणून मीही तिथेच टेकले. बेबी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. दोघींमध्ये चार हातांचं अंतर असेल. लूम बंद, त्यामुळे खडा बाजूला टाकल्याचासुद्धा आवाज येत होता.

मावशीने लेकीकडे न बघताच विचारलं, "दुखायचा का गो तुला? घासताना?"

बेबीचा हात सुपात थांबला.

"दुखायचा," ती म्हणाली.

मावशीने मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवत राहिली.

"मंग बोलली का न्हाईस?"

बेबी सुपातले तांदूळ उगाचच एका बाजूला सारत राहिली. मग म्हणाली, "मना दुसरा कुनी हात लावत न्हवता, आये."

मी तिथून उठले. माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतलं. भिंतीपलीकडे मोरीत त्या दिवशी काही आवाज नव्हता. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं तेव्हा मावशी बीमवर नव्हती. ती उंबऱ्यात लेकीला खेटून बसली होती, अंधारातच, आणि तिचे दोन्ही हात लेकीच्या हातांवर नुसते ठेवलेले होते. घासत नव्हती, चोळत नव्हती. ठेवलेले होते.